वाड्याची भिंत उडवायची आहे, पण सुरुंगाशिवाय

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका मंडळाच्या मुलांनी विचारलंय ते थोडक्यात असं: वीस मिनिटांची फिल्म आहे, शेवटी जुन्या वाड्याची जांभ्याची भिंत स्फोटात उडते आणि नायक तिच्यासमोरून पळत येतो. पैसे बेताचे आहेत. दगडखाणीवरचा एक ब्लास्टर ओळखीचा आहे. त्याच्याकडून छोटासा बार लावून घेतला तर चालेल का? आणि चालणार नसेल तर मग करायचं कसं?

चालणार नाही. कायद्याचं कारण आहेच, पण आधी कॅमेऱ्याचं कारण बघा. खाणीतली स्फोटकं दगडाला तडा देण्यासाठी बनवलेली असतात. त्यांचा धक्का सेकंदाला काही हजार मीटर वेगाने पसरतो. सेकंदाला चोवीस फ्रेमच्या चित्रीकरणात एक फ्रेम साधारण ४२ मिलिसेकंदांची. म्हणजे एका फ्रेममध्ये भिंत उभी, पुढच्या फ्रेममध्ये राखाडी ढग, आणि मधलं सगळं गायब. शिवाय दगडाच्या चिपा शेकडो फूट जातात, आणि त्या कुठे जातील ते ब्लास्टरलाही नेमकं सांगता येत नाही. म्हणून तर खाणीवर बार उडवताना सगळा परिसर रिकामा करतात. पडद्यावर आपल्याला जो स्फोट पटतो तो याच्या अगदी उलट असतो. तो हळू असतो, धुळीने भरलेला असतो आणि टप्प्याटप्प्याने घडतो. आधी उजेड, मग काच, मग कट्ट्या-खिडक्यांवरची धूळ, मग ढिगारा, शेवटी रेंगाळणारा धूर. हा क्रम जमला की जोर कमी असला तरी प्रेक्षक दचकतो. क्रम चुकला तर कितीही जोर लावा, फटाका फुटल्यासारखं दिसतं.

कायद्याचं म्हणाल तर १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे स्फोटक नियम इथे लागू होतात, परवान्याचं काम पेसो ही केंद्रीय संस्था बघते, तिचं मुख्यालय नागपूरला आहे. खाणीचा माल खाणीबाहेर नेऊन शूटिंगला वापरणं हा गुन्हा आहे, आणि त्यात तुमच्या ओळखीच्या माणसाचा परवाना आणि रोजीरोटी दोन्ही जाईल. त्याला विचारूही नका. दिवाळीचे सुतळी बॉम्ब फोडून दारू गोळा करणं हा दुसरा प्रकार तर त्याहून वाईट. ती दारू घासण्याने, नुसत्या ठिणगीने पेटते, आणि हातात पेटते. खऱ्या आगीचा गोळा हवाच असेल तर परवानाधारक इफेक्ट्सवाल्यांचं युनिट बोलवावं लागतं. तुमच्या प्रसंगाला त्याची गरज नाही. तुमचं काम हवेवर होतं.

दाबाखालची हवा झटक्यात सोडून धूळ आणि तुकडे उडवणाऱ्या यंत्राला एअर मॉर्टर म्हणतात. त्याचे चार भाग: हवेची टाकी, झटक्यात उघडणारा व्हॉल्व्ह, छोटा जाड पाइप, आणि वर घमेल्यासारखं किंवा नळकांड्यासारखं तोंड. यातला जीव व्हॉल्व्हमध्ये आहे. बहुतेक लोक पहिल्यांदा हाताने फिरवायचा बॉल व्हॉल्व्ह लावतात आणि तिथेच फसतात. तो पाव वळसा फिरवायला पाव सेकंद तरी जातो, तेवढ्यात हवा "फस्स" करून गळते आणि धूळ उशी झटकल्यासारखी वर येते. पाहिजे तो डायफ्रॅमचा पल्स व्हॉल्व्ह, दीड इंची, २४ व्होल्ट कॉइलचा. हा कुठे मिळेल म्हणून मुंबईला फोन लावायची गरज नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्र्यांमध्ये धूळ पकडायचे बॅग फिल्टर असतात, त्यांच्या पिशव्या झटकायला हाच व्हॉल्व्ह वापरतात. त्या फिल्टरची देखभाल करणाऱ्याला विचारलं तर तो लगेच ओळखेल.

टाकी ५० लिटरची पुरे. दाब ६ बारपर्यंत (इथे बार म्हणजे दाब मोजायचं माप, सुरुंगाचा बार नव्हे), त्याच्या वर नाही. टाकी कॉम्प्रेसरसाठी बनवलेली, पाटीवर दाब लिहिलेली आणि वापरायच्या दाबाच्या दीडपट पाण्याच्या दाबावर तपासलेली असावी. भंगारातला गॅस सिलिंडर कापून टाकी करू नका. पीव्हीसी पाइपची टाकी तर कधीच करू नका: पाणी भरलेला पीव्हीसी पाइप फुटला तर पाणी सांडतं, हवा भरलेला फुटला तर त्याचे सुऱ्यांसारखे तुकडे होतात. ५० लिटर टाकीत ६ बार हवा म्हणजे साधारण चाळीस हजार ज्यूल ऊर्जा साठलेली असते. ४० किलोचं पोतं १०० मीटर उंचीवरून खाली पडावं तेवढी. म्हणून सेफ्टी व्हॉल्व्ह आणि दाबाचं घड्याळ लावल्याशिवाय एकदाही भरायची नाही. पंक्चरवाल्याकडून टाकी आणली असेल तर आधी तळाचा नळ सोडून पाणी काढा. आत गंजाचं पाणी राहिलं तर पहिल्याच शॉटला तांबडा चिखल उडतो आणि मुलतानी मातीचा गोळा होतो.

टाकीपासून तोंडापर्यंतचं अंतर एक मीटरच्या आत ठेवा. लांब रबरी होज आणि दोन-तीन एल्बो आले की धक्का वाटेतच मरतो. पाइपचा व्यास व्हॉल्व्हपेक्षा कमी नको. टाकी आणि पल्स व्हॉल्व्ह यांच्यामध्ये मात्र एक साधा बॉल व्हॉल्व्ह हवाच, तो सुरक्षेसाठी. तो बंद असताना खाली काम करायचं, उघडला की कुणी जवळ जायचं नाही.

तोंडाचा आकार बघून धूळ कशी उडेल ते ठरतं. सरळ नळकांडं असेल तर खांबासारखा उंच झोत येतो. पसरट घमेल्यातून पंख्यासारखा रुंद ढग येतो. भिंतीसाठी दोन घमेली आणि मध्ये एक नळकांडं असं मांडलं तर चांगलं दिसतं. तोंडं कॅमेऱ्याकडे किंवा नटाकडे नाही, त्यांच्यापासून लांब बाजूला कललेली ठेवायची. पाया पोत्यांनी नाही, खुंट्यांनी आणि पट्ट्यांनी जमिनीत बांधा, कारण झोत वर जातो तेव्हा मॉर्टर तेवढ्याच जोराने खाली आणि मागे ढकलला जातो.

आता भरायचं काय, यावर थोडं थांबूया, कारण बिघाड इथेच होतो. एका घमेल्यासाठी दीड किलो मुलतानी माती, एक लिटर बुचाचा चुरा आणि तीन लिटर नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे नर्सरीत मिळतं ते कोकोपीट, पण कोरडं. मुलतानी माती पिवळट असते, तुमच्याकडची धूळ तांबडी. म्हणून दहा भाग मातीला एक भाग गेरू. गेरू कपड्यांवरून जात नाही, तेव्हा नटाच्या वेशाचे दोन जोड ठेवा. पाइपच्या तोंडावर आधी वर्तमानपत्राचा एकच थर ठेवायचा, म्हणजे माती व्हॉल्व्हमध्ये उतरत नाही. त्यावर मैद्याच्या चाळणीने चाळलेली माती भुरभुरत सोडायची, वर कोकोपीट, सगळ्यात वर बुचाचे आणि फोमचे तुकडे. हाताने दाबायचं नाही, घमेलं आपटायचं नाही, भरून ठेवून जेवायला जायचं नाही. माती बसली की ती पूड राहत नाही, तिची वडी होते, आणि दाब सुटल्यावर अख्खी वडी पाटासारखी एका दिशेने जाते. भरण्याआधी मूठभर माती घेऊन मुठीत आवळा आणि हात उघडा. आकार राहिला तर माती ओली आहे. खानापूरकडच्या हवेत जून ते सप्टेंबर ती दरवेळी ओलीच निघणार. कढईत मंद आचेवर तासभर परतून, गार करून, झाकणाच्या डब्यात ठेवावी लागते. शिवारातली लाल माती झोतात घालू नका, चाळली तरी तिच्यात खडे राहतात. ती जमिनीवर पसरायला ठीक.

काय भरायचं नाही तेही सांगतो. मैदा, तांदळाचं पीठ, लाकडाचा बारीक भुसा नको. ही पूड हवेत तरंगली की ठिणगीने भडकते. २०१५ मध्ये तैवानच्या वॉटर पार्कमध्ये रंगीत कॉर्नस्टार्चची पूड उडवताना ती पेटली आणि पंधरा माणसं गेली, शेकडो भाजली. भंडारा म्हणजेही हळदीची पूडच; चिंचलीच्या यात्रेत मोकळ्या माळावर तो उधळला जातो ती गोष्ट वेगळी, दाबाखाली ढग करून दिव्याजवळ सोडणं वेगळं. सिमेंट आणि चुना डोळा जाळतात. निपाणीकडे तंबाखूची धूळ फुकट मिळते म्हणून ती वापरायचा मोह होईल. ती श्वासात गेली तर माणूस गरगरून पडेल. मुलतानी मातीसुद्धा फुप्फुसाला चांगली नाही. शॉटच्या जवळ असणाऱ्या प्रत्येकाला एन-९५ मास्क आणि बाजूने बंद असलेला गॉगल. नटाला मास्क लावता येत नाही, म्हणून त्याने श्वास घेऊन रोखायचा, पळायचं, आणि ढगाबाहेर गेल्यावरच सोडायचा. ही तालीम धुळीशिवाय दहा वेळा करून घ्या.

भिंतीकडे येऊ. एक नियम पाळा: जे हवेने उडतं ते हलकं हवं, आणि जे जड दिसायला हवं ते उडवायचं नाही, वरून पाडायचं. नुसत्या थर्मोकोलचे चिरे उडवले की ते पिसासारखे तरंगत खाली येतात आणि सगळं उघडं पडतं. म्हणून मोठे चिरे फोमचे, पुढच्या बाजूने जांभ्यासारखी भोकं पाडलेले. मधले तुकडे पीओपी आणि पर्लाइट समभाग कालवून ओतलेले. पर्लाइट नर्सरीत मिळतं, त्यामुळे वजन उतरतं आणि तुटलेली कडा भुसभुशीत, जांभ्यासारखीच दिसते. हे मधले तुकडे भिंतीच्या वर एका कलत्या फळीवर ठेवायचे आणि दोरी ओढून ओतायचे, जिथे माणूस जाणार नाही अशा बाजूला. रंग लावताना लक्षात ठेवा की स्प्रे पेंटने थर्मोकोल विरघळतो. पाण्यातला डिस्टेंपर आणि गेरू वापरा, आणि तुकड्याच्या सहाही बाजू रंगवा. तुटल्यावर पांढरी बाजू एक फ्रेम जरी दिसली तरी डोळा तिथेच जातो. खरी मंगळुरी कौलं वर ठेवू नका. एक कौल दोन किलोच्या पुढे भरतं.

खिडकीची काच साखरेची करता येते. एक किलो साखर, चारशे ग्रॅम लिक्विड ग्लुकोज, अर्धा लिटर पाणी, उकळत १५० अंश सेल्सिअसपर्यंत. थर्मामीटर पाहिजेच. १४० ला उतरवलं तर काच चिवट होते, १६० च्या पुढे पिवळी पडते. करदंट ही गूळ-सुकामेव्याची मिठाई करणाऱ्या गोकाकच्या कारागिराला पाकाची ही पायरी नीट ठाऊक असते, त्याच्याकडून करून घेतलीत तर हात भाजायचे वाचतील. सपाट पत्र्याच्या ट्रेवर सिलिकॉनची चटई अंथरून चार-पाच मिलिमीटर जाड ओता. एक फूट बाय एक फुटापेक्षा मोठी काच स्वतःच्या वजनाने तडकते, म्हणून जुन्या वाड्याची छोट्या चौकटींची खिडकीच सोयीची. दमट हवेत ती दोन-तीन तासांत चिकट होऊन वाकते. सकाळी शॉट असेल तर पहाटे ओता, आणि हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून न्या. तिची कडा खऱ्या काचेइतकी नसली तरी टोचते. डोळ्यांच्या दिशेने फोडू नका.

आता धक्क्याची लाट. हा भाग स्वस्त आहे आणि बहुतेक जण गाळतात. खऱ्या स्फोटात ढिगारा येण्याआधी आसपासच्या प्रत्येक आडव्या जागेवरची धूळ एकदम उसळते. ते करायला खिडकीच्या कट्ट्यावर, ओट्यावर, पायरीवर कापडाच्या पट्ट्या ताणून बसवा, त्यांच्यावर चाळलेली माती भुरभुरा, आणि सगळ्या पट्ट्यांना एकच नायलॉनची दोरी बांधून फ्रेमबाहेरून एक हिसका द्या. दारावरचं तोरण, दोरीवरचं धोतर, कोनाड्यातलं तेलाचं बुधलं यांनाही बारीक तार बांधून त्याच हिसक्यात जोडा. भिंतीपासून लांब असलेलं तोरण हललं की प्रेक्षकाला धक्क्याचा आकार कळतो. हे केलं की तीन मॉर्टरऐवजी दोन असले तरी चालतात.

हे सगळं क्रमाने सोडायचं तर माणसाच्या हातावर विसंबू नका. उद्यमबागेत कुठल्याही ऑटोमेशनवाल्याकडे जुना छोटा पीएलसी असतो, म्हणजे यंत्रं ठरलेल्या वेळी चालू-बंद करणारा छोटा संगणक, तो या कामाला पुरतो. चोवीस फ्रेमच्या हिशेबाने: शून्यावर दिवे, ४० मिलिसेकंदांवर काच आणि पट्ट्यांचा हिसका, ८० वर नळकांड्याचा मॉर्टर, १२० वर दोन्ही घमेली, २०० वर वरची फळी. प्रत्येक व्हॉल्व्हला ३०० मिलिसेकंद वीज द्या. पीएलसीचं ट्रान्झिस्टर आउटपुट अर्ध्या अँपिअरचं असतं आणि कॉइल त्याहून जास्त ओढते, म्हणून मध्ये रिले हवा, म्हणजे थोड्या विजेवर जास्त वीज चालू-बंद करणारा स्विच. आणि वायर. तीस मीटर लांबून पाऊण चौरस मिलिमीटरची वायर ओढली तर चार कॉइल एकदम चालू होताना चार-साडेचार व्होल्ट वाटेतच जातात. टेबलावर चाललेलं सगळं माळावर गप्प बसतं आणि दोष व्हॉल्व्हला जातो. अडीच चौरस मिलिमीटरची वायर घ्या.

दिव्यांचं एक सांगतो. फ्लॅश फार छोटा असेल तर मोबाइलच्या किंवा डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर फ्रेमचा अर्धाच पट्टा उजळतो, कारण सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. दिवे निदान दोन फ्रेम, म्हणजे ८० मिलिसेकंद, पूर्ण चालू ठेवा आणि मग आठ-दहा फ्रेममध्ये उतरवत न्या. नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावलेले दोन एलईडी भिंतीच्या मागून पुरे.

नट भिंतीजवळ दिसायला हवा, पण असायला नको. १३५ ते २०० मिलिमीटरची लेन्स लावून कॅमेरा लांब न्या. नट भिंतीपासून १५ मीटर पुढे असला तरी ढग त्याच्या पाठीला लागल्यासारखा दिसतो. मॉर्टरच्या बाजूला पाच मीटरच्या आत कुणी नाही, आणि तोंडाच्या रेषेत कितीही लांब असलं तरी कुणी नाही.

संपूर्ण वाडा कोसळताना दाखवायचा असेल तर तो पूर्ण आकारात करू नका, सहाव्या हिश्शाची प्रतिकृती करा. सोळा फुटी वाडा मग दोन फूट आठ इंचांचा होतो. छोटी वस्तू खरी वस्तू पडते त्यापेक्षा लवकर खाली येते, म्हणून फ्रेमरेट प्रमाणाच्या वर्गमुळाने वाढवावा लागतो: सहाचं वर्गमूळ साधारण अडीच, अडीच गुणिले २४ म्हणजे ६० फ्रेम. बहुतेक मोबाइल हे करतात. पंचविसाव्या हिश्शाची प्रतिकृती करून १२० फ्रेमला घेण्याचा मोह टाळा, गणित बसतं पण धुळीचा कण काही लहान होत नाही, आणि ढग रव्यासारखा दाणेदार दिसतो. प्रतिकृतीत मुलतानी माती दोनदा चाळा, आणि दाब दीड-दोन बारच. चित्रीकरण उन्हात करा. साठ फ्रेमला उजेड जास्त लागतो, सगळं फोकसमध्ये राहायला लेन्सचं तोंड एफ-११ च्या पुढे बारीक करावं लागतं, आणि ५० हर्ट्झवरचे साधे एलईडी ६० फ्रेमला लुकलुकतात.

जागेसाठी बंद पडलेली खाण किंवा मालकाची लेखी परवानगी असलेला माळ बघा. राजहंसगडावर किंवा दुसऱ्या कुठल्या गडावर जाऊ नका, तिथल्या दगडाला धूळसुद्धा लागायला नको. येळ्ळूरकडच्या उंच माळावर वारा नऊनंतर सुटतो, म्हणून शॉट सातला लावा. वारा कॅमेऱ्याकडून भिंतीकडे जाणारा हवा. पोलिस ठाण्याला आणि ग्रामपंचायतीला आदल्या आठवड्यात अर्ज द्या, कन्नडमध्ये लिहून, जागेच्या नकाशासह, आणि त्यात स्फोटक पदार्थ नाहीत, फक्त दाबाची हवा आहे हे स्पष्ट लिहा. बेळगावात लष्कराचं ठाणं आहे, सांबऱ्याला विमानतळ आहे. धुळीचा खांब आणि किंचाळत पळणारी माणसं बघून कुणी ११२ ला फोन केला तर ठाण्यात तो अर्ज हाताशी असावा. ड्रोन वेगळ्या परवानगीशिवाय उडवू नका.

पहिली चाचणी रिकाम्या घमेल्याने २ बारवर. मग भरून २ वर, मग एकेक बार वाढवत. दर चाचणीनंतर सगळ्यात लांब पडलेला तुकडा किती मीटरवर आहे ते मोजून लिहा, आणि माणसं त्याच्या दुप्पट अंतरावर ठेवा, वर सांगितलेल्या पाच मीटरपेक्षा जवळ मात्र कधीच नाही. तुमच्या पथकात मराठी, कन्नड, हिंदी बोलणारी माणसं असणार. "थांब" म्हणायचं की "निल्लु", याचा घोळ नको: एक लांब शिट्टी म्हणजे थांबा, आणि ती कुणीही वाजवू शकतो, चहा देणारा मुलगासुद्धा.

बटण दाबलं आणि एखादं तोंड उडालंच नाही, तर जागेवरून हलू नका. आधी पीएलसीची चावी काढून खिशात. मग पाच मिनिटं. मग एकाच माणसाने, बाजूने, गॉगल लावून जाऊन बॉल व्हॉल्व्ह बंद करायचा, टाकीचा निचरा नळ सोडायचा आणि घड्याळ शून्यावर येईपर्यंत तिथेच ऐकत उभं राहायचं. मगच घमेल्यावर वाकून बघा. बहुतेक वेळा कागद ओला होऊन पाइपला चिकटलेला असतो, किंवा कॉइलची पिन सुटलेली असते.